टेलरबाईंचे सात दाणे

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी बावीस वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचा एकावर एक रचल्या असत्या, तर चंद्रापर्यंत जिना झाला असता. थोडा कमी पडला असता, नाही असं नाही. पण मग चंद्रच दया येऊन दोन पायऱ्या खाली उतरला असता. आणि एवढ्या काचांमध्ये बाई एकच गोष्ट शोधत आल्या होत्या. स्तनाच्या एक्स-रे फोटोत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात ना, ते चुन्याचे दाणे. त्यांतले काही निरुपद्रवी असतात, काहींच्या शेजारी कर्करोग दबा धरून बसलेला असतो. म्हणून फोटोत दिसलेला प्रत्येक दाणा काचेवर सापडलाच पाहिजे, हा बाईंचा नियम. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिले, परिषदा गाजवल्या. एका परिषदेत तर शेवटच्या रांगेत घोरणारे एक प्राध्यापक झोपेतच "दाणा कुठाय?" असं ओरडून उठले होते म्हणे.

काचेवर रंग चढवला की चुना निळाजांभळा दिसतो. त्यामुळे बाईंचा दुसरा नियम असा, की निळं दिसलं तर दाणा, नाहीतर नाही. प्रयोगशाळेत त्यांना मागून 'निळीबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

फोटो काढायचं खातं वरच्या मजल्यावर. तिथली रेडिओलॉजिस्ट म्हणजे बाईंची सख्खी नणंद. त्यामुळे घरातलं भांडण अर्धं राहिलं तर रुग्णालयात पुरं व्हायचं, आणि रुग्णालयातलं जेवणाच्या टेबलावर.

त्या शुक्रवारी दुपारी बाराला नणंद फोटो फडकवत खाली आली.

"वहिनी, टेलरबाईंच्या तुकड्यांत सात दाणे आहेत. तुमच्या अहवालात एकही नाही. खाल्ले की काय?"

"नाहीत तर नाहीत. तुमच्या यंत्रावर धूळ बसली असेल, वन्सं. पुसत जा अधूनमधून."

"धूळ? सातही ठिपके एकाच तुकड्यात, घोळका करून? शिस्तीची धूळ आहे हो!"

टेलरबाई म्हणजे रुग्णालयातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांचे कोट शिवणारी बाई. जाड सुईने त्यांच्या छातीतून दोऱ्याएवढे तुकडे काढले, तेव्हा म्हणाल्या होत्या, "जन्मभर मी सुईने टोचत आले, आज सुईने उट्टं काढलं." सर्जनांनी मात्र सरळ सांगून टाकलं होतं. दाण्यांचा हिशेब लागला नाही, तर उद्या सकाळी आठला छाती उघडून मोठा तुकडा काढायचा. नक्की काय ते आज पाचपर्यंत कळवा. आणि टेलरबाई दहा वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

"चला, ठोकळेच वर घेऊन चला," नणंद म्हणाली.

तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले होते. तिने एकेका ठोकळ्याचा फोटो काढला. पहिला रिकामा, दुसरा रिकामा. तिसऱ्यात सातही दाणे, चांदण्यासारखे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाणे जागच्या जागी. नणंदेने नुसतं बोटाने एकेक दाणा मोजून दाखवला.

तिसरा ठोकळा गेला प्रयोगशाळेतल्या पापुद्रेमामांकडे. मामा मेणाचे असे पातळ पापुद्रे काढायचे, की एकदा पंख्याच्या वाऱ्याने उडालेला पापुद्रा दोन दिवस हवेत तरंगत होता आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन काचेवर येऊन बसला. मामांनी वीस नवे पापुद्रे काढले, रंगवले. बाईंनी वीसही काचा पाहिल्या. गुलाबी होतं, जांभळ्या पेशी होत्या, पेशी दिसायला अगदी साध्यासुध्या. निळा दाणा मात्र औषधालाही नव्हता.

तीन वाजून गेले होते.

"मामा," बाई वैतागून म्हणाल्या, "पात्याने दाणे उडवलेत तुम्ही."

झालं. मामांनी हातमोजे काढून टेबलावर आपटले.

"माझ्या पात्याखालून दाणा उडाला? बाई, तीस वर्षं झाली. दाणा उडाला तर पापुद्र्यावर ओरखडा उठतो, सरळ रेघेसारखा. दाखवा मला ओरखडा. एक दाखवा, आत्ता राजीनामा लिहून देतो!"

बाईंनी वीसही काचा पुन्हा पाहिल्या. ओरखडा नव्हता. रेघ नव्हती, फाट नव्हती. राजीनामा वाचला. दाणा उडाला नाही म्हणजे तो काचेवर आहे. काचेवर आहे आणि दिसत नाही, म्हणजे...

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "तो रंगच घेत नाही. काचेसारखा आरपार आहे. दुसऱ्या जातीचा स्फटिक."

"मग बघायचा कसा?"

"उजेड गाळणाऱ्या दोन काचा लागतात. एक खाली, एक वर. वरची फिरवली की सगळं काळं होतं आणि स्फटिक तेवढे चमकतात. आपल्या काचा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी नेल्या आहेत, मुतखडे बघायला."

"मग आणा की!"

"ते परदेशात आहेत. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात आहे."

नणंदेने डोळे बारीक केले. "वहिनी, दादाचा मासे पकडायचा चष्मा! पाण्यावरची चमक जाते आणि खालचा मासा दिसतो, म्हणून सगळ्यांना सांगत सुटतो ना तो?"

दादा म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना बाईंनी दुपारची रजा काढून तलावावर यायचं वचन दिलं होतं, आणि ते बारापासून खाली गाडीत गळ मांडीवर घेऊन बसले होते. फोन गेल्याबरोबर वर आले. डोळ्यांवर तोच चष्मा.

"अहो, चष्मा द्या."

"देतो की. पण सांभाळून हं, याच्यातून मी एकदा तळाशी बसलेल्या माशाच्या चेहऱ्यावरचे भाव..."

कट्ट! बाईंनी चष्मा मधोमध मोडला होता. यजमानांचा चेहरा तळाशी बसलेल्या माशासारखा झाला.

"दादा, खुर्ची घे," नणंद म्हणाली.

बाईंनी चष्म्याची एक काच सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर ठेवली, दिवा पूर्ण मोठा केला. दुसरी काच डोळ्यापुढे धरून हळूहळू फिरवली. गुलाबी रंग मावळला, जांभळा मावळला. सगळं काळंकुट्ट झालं आणि त्या काळोखात एक ठिणगी पेटली. मग दुसरी. बाई मोठ्याने मोजू लागल्या. पाच, सहा, सात.

"सात!" मामा ओरडले. "आणि पातं कोणाचं? माझं!"

या जातीच्या स्फटिकांचं कर्करोगाशी सहसा देणंघेणं नसतं, आणि भोवतालच्या पेशी साध्या होत्या हे बाई दोनदा पाहून चुकल्या होत्या. आता तिसऱ्यांदा पाहिल्या. मग नणंदेने पाहिल्या. मगच सर्जनांना फोन गेला, चार वाजून चाळीस मिनिटांनी. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि उद्याची यादी एका नावाने कमी केली.

फोन ठेवून बाईंनी दिवा बारीक केला.

"वन्सं, इतक्या वर्षांत 'दाणे सापडले नाहीत' म्हणून मी कितीजणींना परत कापायला पाठवलं असेल?"

नणंदेला चिमटा काढायला याहून चांगली संधी जन्मात मिळाली नसती. तिने ती सोडून दिली. "सोमवारी जुन्या काचा काढू," म्हणाली. "मी फोटो काढते, तुम्ही बघा. आणि 'माझी चूक झाली' असा पुढचा निबंध तुम्हीच लिहा. मी नाव खाली घालीन."

"खाली का? शेजारी घाला," बाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

टेलरबाई बाकावर ताठ बसल्या होत्या.

"सापडले," बाई म्हणाल्या.

"सापडले म्हणजे बरं की वाईट? तुम्हा लोकांचं काही समजत नाही."

"बरं. चांगलंच बरं. साधे खडे आहेत. उद्या कापायचं नाही. सहा महिन्यांनी एक फोटो काढायचा, बस्स."

टेलरबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच आवाज आला, "मग मी आता काही खाल्लं तर चालेल का?"

"अहो, तुम्हाला उपाशी राहायला आज रात्रीपासून सांगितलं होतं!"

"सांगितलं होतं हो. पण कालपासून घास उतरेल तर ना."

बाईंनी नणंदेबरोबर मागोमाग बाहेर आलेल्या यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या हातात तलावावर न्यायचा डबा होता. त्यांनी तो पाठीमागे लपवायचा दुबळा प्रयत्न केला.

"चष्मा गेला, आता डबाही?"

"आणा इकडे."

पाव आणि उकडलेली अंडी होती. टेलरबाईंनी पहिलं अंडं दोन घासांत संपवलं, दुसरं तीन घासांत, आणि तिसरं सोलता सोलता म्हणाल्या, "अंडी फार उकडलीत. रबर झालंय नुसतं. कोणी केली?"

नणंद-भावजय, दोघींनी मिळून यजमानांकडे बोट दाखवलं.