दुसरा विषाणू

ज्योत्स्नाच्या रक्तात हिपॅटायटिस-बीचा विषाणू जन्मापासून होता. आईकडून तो तिला आला, धाकट्या भावालाही आला. भाऊ दोन वर्षांपूर्वी त्यातच गेला. आधी डोळे पिवळे, मग फुगलेलं पोट. म्हणून अकोल्याच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी सुरू झाल्याचं कळताच मूर्तिजापूरच्या शाळेत शिकवणारी ज्योत्स्ना नाव नोंदवून आली.

डॉ. प्रणालींनी नीट समजावलं. "आम्ही टोचतो तो विषाणू निरुपद्रवी केलेला आहे. अंगात वाढत नाही. तुमच्या विषाणूचा एक तुकडा तो शरीराला ओळखायला शिकवतो. पुढची लढाई शरीराची. गुण येईलच असं मात्र नाही."

"अंगात एक विषाणू कमी होता, म्हणून दुसरा टोचून आली काय?" नवरा धर्मेंद्र चिडला.

"मले भावासारखं मरायचं नाही," ती एवढंच म्हणाली.

टोचल्यावर दोन दिवस ताप आला, उतरला. अठराव्या दिवशी सकाळी केस विंचरताना तिला आरशात डोळे पिवळसर दिसले. मुलीला, खुशीला, कळू नये म्हणून ती गॉगल लावूनच धर्मेंद्रसोबत अकोल्याच्या बसमध्ये बसली.

यकृताचे आकडे पंधरा पटींनी वाढले होते.

"शरीर विषाणू असलेल्या पेशींवर तुटून पडलं असेल, म्हणजे गुण येत असेल, किंवा यकृतच निकामी होत असेल," प्रणाली म्हणाल्या. "आज सांगता येणार नाही."

"तुमालेबी मालूम नाही?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाही."

तिला तिथेच भरती करून घेतलं. यकृत काम करतंय का हे कळावं म्हणून रोज रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासायचे आणि ती नर्सच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. पोट फुगलं का म्हणून दिवसातून दहादा हात फिरवायची. फोनवर खुशीने विचारलं, "आई, काहून येऊन नाही राहिली?"

सहाव्या दिवशी आकडे उतरू लागले. पुढचा डोस डॉक्टरांनी रद्द केला. ते ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःच नाव नोंदवलं होतं म्हणून त्याची लाजही वाटली.

तीन महिन्यांनी ती एकटीच रिपोर्ट घ्यायला गेली. बाहेर येऊन तिने धर्मेंद्रला फोन लावला.

"विषाणू लय कमी झाला म्हणतात."

"पुरा गेला?"

"नाही. अजून पाहा लागते. परत वाढूबी शकते. मले भेव लागून राहिलं."

"तेथंच बस. मी येतो तुले घ्याले."