गुराबीच्या पोटातून

आमच्या माजघरातली गुराब दर वर्षी वीतभर वाढते. आज तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडची भिंत फोडून बाहेर गेली.

आबांनी, माझ्या वडिलांनी, ती बांधायला घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लढाऊ जहाजच ते: दोन डोलकाठ्या, पुढे निमुळती नाळ, आणि त्याच दिशेला तोंड केलेल्या तोफा. आरमाराच्या लढाया संपून कितीतरी वर्षं झाली होती, तरी आमचे आबा गुराबच बांधत.

पहिली भरती लागायच्या आधी एक लहान मूल आत बसवून फळी लावत. त्याने अंधारात सांधे चाचपायचे. एकदा ठोकलं तर पाणी येतंय, फळी काढायची. दोनदा ठोकलं तर कोरडं आहे, खिळे मारायचे आणि नारळ फोडायचा. आत माझी धाकटी बहीण शेवंती होती. बाहेरून ऐकायचं काम माझं.

शेवंतीने एकदाच ठोकलं होतं. मला खोबऱ्याची घाई झाली होती. मी "दोन" म्हणाले.

ती अजून आतच आहे, सात वर्षांची. रोज दुपारी एकदा ठोकते. तेव्हा मी भांडी जरा जोरात घासते.

आज आबा आले. तेव्हा होते तसेच, माझ्या मुलाच्या वयाचे दिसत होते. चारच्या भरतीला गुराब निघेल म्हणाले. मी म्हटलं, आधी शेवंतीला काढा. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला.

"आत कुणीतरी लागतंच, बाय."

"मग मी बसते."

"मावशील?"

मी उभी राहून दाखवलं. गुराब वाढली तेवढी मी आखडत आले आहे. त्यांच्या कमरेलाही पुरत नव्हते.

फळी निघाली. शेवंती बाहेर आली. वेण्या घट्ट, परकर कोरडा. माझ्याकडे बघत राहिली.

"अक्का, दात कुठे ठेवलेस?"

मला हसू आलं. हसत असतानाच मी आत सरकले आणि फळी लागली.

आत राळेचा वास होता. भरती फळ्यांना लागली तशी गुराब हलली. तळाकडचा सांधा मला लगेच सापडला, कारण पाणी तिथूनच येत होतं. बघता बघता गुडघे बुडाले. मी ठोकलं. एकदाच, नीट, जोर लावून.

बाहेरून शेवंतीने फळीला कान लावला. तिचा श्वास ऐकू येत होता.

आबांनी विचारलं, "किती?"

ती कानाशी धरून नारळ हलवत असावी. त्यातलं पाणी डुचमळत होतं.

"दोन," शेवंती म्हणाली.