दोन्ही घरचा पाहुणा

"काय घातलंस गं माझ्या पिल्लाला?" समोरच्या घरातली थोरली जाऊ भिंतीवरून धाकटीवर ओरडली आणि मी चुलीवरचं दूध उतरवून दारात आले. असलं भांडण आयतं मिळत असताना घरात कोण बसतंय?

"तुमचं पिल्लू? रोज रात्री जेवतं कुणाकडं, इचारा की त्याला!" धाकटी हातातल्या खराट्यासकट उभी राहिली.

घर आमच्या दारासमोरच. दोन वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली. गोठा वाटला, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, पराती आणि घागरीसुद्धा वाटल्या. अंगणाच्या मधोमध छातीइतकी भिंत उभी राहिली. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बायका बोलायच्या, पण फक्त भांडायला. कुत्र्याचं हे पिल्लू वाटणीनंतर आलं, म्हणून वाटायचं राहून गेलं. मोरीचं पाणी जायला भिंतीच्या बुडाशी भोक होतं, त्यातून ते दोन्हीकडं फिरायचं. थोरल्याकडं त्याचं नाव राजा, धाकट्याकडं काळ्या. ताटली दिसली की दोन्ही नावांना शेपूट हलायचं.

आज मात्र ते हलत नव्हतं. पहाटेपासून दोन्ही अंगणांत इतकी घाण झाली होती की पाय कुठं ठेवावा कळेना. पिल्लू भिंतीच्या कडेला गपगार पडलं होतं आणि थोरला त्याच्या उशाशी बसला होता. ह्या माणसाला मूलबाळ नाही. बाप गेला तेव्हाही तो रडला नव्हता, आज मात्र उपरण्यानं सारखं नाक पुसत होता. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं.

जनावरांचा डॉक्टर आला. पिल्लाची कातडी चिमटीत धरून त्यानं सोडली.

"अंगातलं पाणी आटलंय. काल काय खाल्लं?"

"दूधभात," थोरली म्हणाली. "वाटीभर. म्हंजे, दोन वाट्या. वरनं जराशी साय."

डॉक्टरनं भिंतीपलीकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

"एक अंडं," धाकटी म्हणाली.

"एकच?"

"उकडलेलं एकच. कच्ची दोन. आन् उरलेलं मटण होतं, टाकवेना हो."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं ऐकलं होतं. हा पहिलाच बघतोय, खाऊन मरायला टेकलेला!"

त्यानं सुई टोचली, पाण्यात कालवायची पूड दिली. दूध बंद, अंडी बंद. थोड्या थोड्या वेळानं चमचाभर पाणी, संध्याकाळी भाताची निवळ. "आणि एकानं पाजलं की दुसऱ्याला सांगायचं. चोरून काही घातलंत, तर पिल्लू हाती लागायचं नाय."

मग दिवसभर गल्लीला करमणूक झाली.

"पाजलं गं!"

"ऐकलं! पाणीच ना?"

"नाय, बासुंदी!"

संशयानं थोरलीनं भोकात वीट कोंबली. पिल्लानं विटेला नाक लावून असा सूर धरला की तिनंच ती उपटून काढली. भाऊ मात्र मुके. एक अलीकडं चमचा घेऊन बसलेला, एक पलीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू उठलं, डुगडुगत भोकातून धाकट्याच्या अंगणात गेलं आणि कोपऱ्यात बसलं. थोरला तोंड धुवायचं सोडून भिंतीपाशी धावला. धाकटा पिल्लामागं वाकलेला, त्याच्या पाठीमुळं ह्याला काहीच दिसेना. थोरल्यानं दोनदा खाकरून बघितलं. शेवटी राहवेना.

"झाली का रे?"

धाकटा वळला. "झाली, दादा."

"कशी?"

"घट्ट!"

"दाखव."

धाकट्यानं कौलाच्या तुकड्यावर ती उचलली आणि जपून भिंतीवरून पुढं केली. वाटणीनंतर भावानं भावाला दिलेली ही पहिली वस्तू. थोरल्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.