सात बुडबुड्यांचे मुखपृष्ठ

मुखपृष्ठाचे सर्व रंग वाळले की बर्नाबे सर्वांत शेवटी पांढऱ्या रंगाची बाटली उघडी आणि बाहुराच्या मुखातून वर निघालेले सात बुडबुडे काढी. गेली चार वर्षे, दर आठवड्यास, या क्रमात कधीही खंड पडला नव्हता. बाहुरा हा समुद्रतळाशी राहणारा महावीर. त्याच्या दंडावर प्रवाळाची कडी होती, हातात भाला होता, आणि मनिलापासून दूरदूरच्या बेटांपर्यंत त्याची चित्रकथा वाचली जात असे. कथा दुसरे कोणी लिही, आतील चित्रेही दुसरेच कोणी काढी. मुखपृष्ठ मात्र बर्नाबेचे.

"अरे बाबा, तुझा वीर पाण्यातच श्वास घेतो ना?" संपादक अबुंदियोसाहेब दर खेपेस विचारीत. "मग त्याच्या तोंडातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे कशाला?"

"वाचकाला पाणी दिसायला पाहिजे, साहेब."

"भोवती एवढे मासे काढलेत, ते काय झाडावर बसतात?"

बर्नाबे हसून वेळ मारून नेई. खरे कारण सांगण्याजोगे नव्हते. बाहुराला त्याने जो चेहरा दिला होता, तो त्याच्या धाकट्या भावाचा, एलिसेओचा होता. आणि हे बुडबुडे अतिमोनान गावी समुद्रकाठी राहणाऱ्या त्याच्या आईसाठी होते.

नऊ वर्षांपूर्वी दोघे भाऊ एका नावेतून मासेमारीस गेले आणि एकटा बर्नाबे परत आला. नाव उलटली, एलिसेओ एक फळी धरून बेटांच्या दिशेने पोहत गेला, तो जिवंत होता, असे त्याने आईला सांगितले. त्यांच्या गावची रीत अशी, की समुद्राने नेलेल्या माणसाचे मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा कोणी पुढे येईपर्यंत त्याच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना मांडावयाची नाही. तेव्हा ती मांडली गेली नाही. आई वाट पाहू लागली.

आईला अक्षरओळख नव्हती. तेर्सिलाच्या दुकानात दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या चित्रकथांमध्ये एके दिवशी तिला आपला मुलगा दिसला, पाण्याखाली, डोळे उघडे, मुखातून बुडबुडे निघत असलेला. तेव्हापासून दर आठवड्यास ती दुकानात जाऊन बुडबुडे मोजी. मनिलाच्या बसच्या वाहकाबरोबर सुकी मासळी पाठवताना ती निरोपही पाठवी. एकदा घाईत बर्नाबेच्या हातून पाचच निघाले. त्या आठवड्यातील निरोप असा होता, "पाचच का? त्याला बरं नाही का?"

बर्नाबेने पुन्हा तशी चूक केली नाही.

तथापि एक गोष्ट त्याच्या मनास सतत खात होती. कुंचला धुण्याच्या पेल्यात तो नळाचे गोडे पाणी भरी. काम संपेपर्यंत पेल्याच्या काठावर एक पांढरी रेघ उमटलेली असे. ती त्याने एकदा बोटाने पुसून जिभेला लावली होती; खारट लागली. दुसऱ्यांदा लावली नाही. शहराचे पाणीच जड आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

जुलै महिन्यात जे मुखपृष्ठ निघाले, त्याचा विषय साधा होता. बाहुराचा पाय एका जाळ्याच्या दोरात अडकला आहे आणि तो वर, पाहणाऱ्याकडे, पाहतो आहे. कल्पना कथालेखकाची होती, बर्नाबेची नव्हे. त्याने ती तीन दिवस टाळली, चौथ्या दिवशी एका बैठकीत चित्र पुरे केले, सात बुडबुडे मोजून काढले आणि चित्राचा फलक छापखान्यात स्वतः नेऊन दिला.

अंक बाजारात आला त्या सकाळी अबुंदियोसाहेबांनी त्याला रस्त्यातच मिठी मारली.

"आजवरचं सगळ्यांत भारी चित्र! दुकानांत एक प्रत उरली नाही. बघताना माणूस श्वास रोखतो रे! आणि शेवटी ऐकलंस ना माझं?"

"काय ऐकलं?"

"बुडबुडे काढले नाहीस ते. केवढा फरक पडला बघ."

बर्नाबेने त्यांच्या हातातला अंक ओढून घेतला. दोर होता, पाय होता, वर पाहणारे डोळे होते. मुख किंचित उघडे होते, आणि त्याच्यावर नितळ, निश्चल, हिरवे पाणी होते. हे दृश्य त्याने रंगविले नव्हते. हे त्याने पाहिले होते.

तो धावतच छापखान्यात गेला. छपाईचे ठसे करणारा फोर्तुनातो जेवणाचा डबा सोडीत होता.

"माझे बुडबुडे कुठे गेले?"

"कसले बुडबुडे? जसं आलं तसं छापलं. शपथ घेऊ का?"

"सात होते. मी माझ्या हाताने काढले होते."

"मग फुटले असतील," फोर्तुनातो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला. बर्नाबेचा चेहरा पाहून त्याचे हसणे अर्ध्यावर राहिले. त्याने मूळ फलक काढून दिला. फलकावर खरवडल्याची खूण नव्हती. जेथे बुडबुडे होते तेथे बारीक पांढरी पूड तेवढी होती. बर्नाबेने फुंकर घातली, ती उडून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्नाबे जेवावयास बसणार, तोच दार वाजले. आई उभी होती. नऊ वर्षांत ती कधी मनिलास आली नव्हती. अंगावर काळा पोशाख होता.

"भात आहे का?" तिने विचारले. "सकाळपासून पोटात काही नाही."

दोघे समोरासमोर बसली. तिने मासळीचे काटे काढून ती त्याच्या ताटात घातली, जणू तो अजून सात वर्षांचाच होता. मग म्हणाली, "तेर्सिला गोष्ट वाचून दाखवणार होती. मी म्हटलं, राहू दे बाई, मला कळलं."

"आई, ती छापखान्याची चूक आहे."

"बर्नाबे, मी अडाणी आहे, मूर्ख नाही. असं डोक्यातून कुणी काढत नाही. तू पाण्याखाली गेला होतास?"

बर्नाबेचा घास हातातच राहिला. होय म्हणावे तर आईची नऊ वर्षे एका शब्दाने बुडतील. नाही म्हणावे तर एलिसेओ दोरात अडकलेला पुन्हा आठवड्याआठवड्याला वर पाहत राहील.

"गेलो होतो."

"तो तुझ्याकडे बघत होता?"

"हो. पाय दोरात अडकला होता. सुरी माझ्याकडे होती, आई. अर्धा दोर कापला आणि माझा दम संपला. वर आलो. परत खाली जायला पाहिजे होतं." त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "नावेची कड धरून बसलो मी. भीती वाटली. वरून सगळं दिसत होतं. बुडबुडे येत होते, मग यायचे थांबले."

आई रडली नाही. कल्हई उडालेल्या आपल्या ताटाच्या काठावरून ती बोट फिरवीत राहिली.

"त्या दिवशी तुम्ही दोघं जेवण अर्धं टाकून उठलात," ती म्हणाली. "जाणारा सुखरूप पोचावा म्हणून मागं बसलेल्यानं आपलं ताट फिरवायचं असतं. दोघं जात होतात, तर दोनदा. चुलीवर कालवण उतू चाललं होतं. मी एकदाच फिरवलं."

"आई..."

"एकदाच रे. आणि तू परत आलास. नऊ वर्षं मी हाच विचार करतेय, की फिरवताना माझ्या मनात कोण होतं."

"कोण होतं?"

"ते विचारू नकोस."

बाहेर रस्त्यावर कोणी अंक विकणारा बाहुराचे नाव घेऊन ओरडत गेला. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

आई ताटातला भात तसाच ठेवून उठली. "दोनची बस आहे. आज संध्याकाळपासून प्रार्थना मांडायची. बायकांना सांगून आलेय. तू नवव्या दिवशी ये आणि जे पाहिलंस ते सगळ्यांसमोर सांग. नावेच्या कडेचंही सांग."

"सांगतो."

दारात ती थांबली. "बसून राहा. ताट फिरव. एकदाच, माझ्यासाठी. त्याच्यासाठी नको, तो पोचला. आणि भात टाकू नकोस, संपव."

तिची पावले जिन्यावरून उतरून गेली. बर्नाबेने दोन्ही हातांनी ताट धरले आणि सावकाश एक पूर्ण फेरा दिला. कोणीतरी पलीकडून हलकेच धरून ठेवावे तसे ते जड लागले.

ताट किंचित उचलले, तो त्याखाली मेजाच्या लाकडावर एक ओले वर्तुळ उमटलेले होते. ते गोडे की खारे, हे जिभेने पाहण्याचे धैर्य त्याच्या ठायी उरले नव्हते. त्याने ते बाहीने पुसले, आणि आईने सांगितल्याप्रमाणे उरलेला भात खाऊ लागला.