सकाळचा दुसरा गिअर

सुनेला गाडी चालवता येत नाही, हा निकाल घरात एकमताने लागला होता. एकमत म्हणजे सासऱ्यांचं मत. बाकीच्यांना स्वतःचं मत बनवण्याचे कष्ट ते कधी पडू देत नसत.

सासरे म्हणजे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी क्लच शिकवला होता आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांपासून जीव वाचवत रस्ता ओलांडायला शिकलं होतं. घरची लाँड्री होती. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, धुलाईची मशीनं सांभाळायचा. सून उजाडताच हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी जुन्या पिकअपमध्ये भरून पोचवून यायची. थंडी पडली तशी पिकअप दुसरा गिअर घेईना. पहिला पडायचा, रिव्हर्स पडायचा, दुसऱ्याला मात्र अशी करकर व्हायची की अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसायची.

तिने तक्रार केल्यावर मास्तरांनी गाडी तपासायचं मनावर घेतलं. पण त्यांचा एक नियम होता: थंड गाडीची परीक्षा घ्यायची नाही. झोपेतून उठवलेल्या माणसाला पाढे विचारतात का, असं ते वर्गात सांगत. त्यामुळे आंघोळ, नाश्ता आणि शब्दकोड्यासकट वर्तमानपत्र उरकून ते बाहेर येत, तोवर सून फेरी मारून परतलेली असायची आणि गाडी छान तापलेली असायची. मास्तर गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारत. दुसरा गिअर अलगद पडे. मग धाकटा मुलगाही एक चक्कर मारून येई.

“गाडी ठणठणीत आहे,” मास्तर म्हणाले. “तुझा हात जड आहे.”

“बाबा, एकदा सकाळी निघतानाच बघा ना.”

“थंड गाडीवरून निदान करत नसतात.”

“वहिनी, गिअर टाकायचा असतो, उपटायचा नसतो,” धाकट्याने अक्कल पाजळली. हा दीर लाँड्रीत काय काम करतो, हे त्याच्यासकट कुणालाच नीट सांगता आलं नसतं. नवरा मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. घरात वाद निघाला की त्याच्या मशीनचा पट्टा नेमका सैल व्हायचा.

मास्तरांनी जाहीर केलं, की सोमवारपासून फेरी धाकटा मारेल आणि सून इस्त्रीच्या खोलीत बसेल.

हे तिला फार लागलं. चादरींवर तिचं काही प्रेम नव्हतं. पण पिकअपची केबिन ही या घरातली एकमेव खोली होती, जिथे तिला कुणी हाक मारत नसे. ती सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती.

मग तिने स्वतःच शोध लावायचं ठरवलं. पायाखालची रबरी चटई काढून पाहिली. क्लच पूर्ण दाबला जात होता. रिव्हर्स बिनआवाज पडतोय म्हणजे क्लच नीट सुटतोय, हेही तिने पडताळलं. करकर फक्त गाडी थंड असताना, आणि फक्त दुसऱ्याला. म्हणजे राहिलं गिअरबॉक्समधलं ऑइल. ते थंडीच्या तोंडावर कुणी बदललं होतं? मास्तरांनी, स्वहस्ते, गावातल्या तमाम मिस्त्रींना नावं ठेवत. ती मागच्या शेडमध्ये गेली. मागच्या ॲक्सलसाठी आणलेल्या जाड ऑइलचा डबा रिकामा होता. गिअरबॉक्ससाठीचं पातळ ऑइल शेजारी सीलबंद, जसंच्या तसं. जाड ऑइल रात्रभर गारठून घट्ट व्हायचं आणि सकाळी दुसऱ्या गिअरची वाट अडवून बसायचं.

या शोधाच्या भरात तिला एक युक्तीही सापडली. गिअर पहिल्यातून न्यूट्रलला काढून क्लच सोडायचा, क्षणभर थांबायचं, पुन्हा दाबायचा आणि मग दांडा दोन बोटांनी सरकवायचा. असं केलं की करकर होत नसे.

रविवारी जेवताना तिने विषय काढला. “बाबा, गिअरबॉक्सचं ऑइल...”

“ऑइल मी स्वतः घातलंय,” मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

सोमवारी दीर गार गाडी घेऊन निघाला. गल्ली रीतसर उठून बसली. दुसरा पडेना म्हणून त्याने त्याचा नादच सोडला, अख्खी फेरी पहिल्यावर मारली आणि भर दुपारी परतला. तोवर हॉटेलवाल्यांनी फोन करून करून जीव नकोसा केला होता.

“गाडी बिघडली आहे,” दीर म्हणाला. काल ठणठणीत असलेली गाडी त्याच्या हातात येताच बिघडते, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

मंगळवारी मास्तर नाइलाजाने नियम मोडून, वर्तमानपत्र न उघडता स्टिअरिंगवर बसले. सून शेजारी चादरींचं गाठोडं घेऊन बसली. वळणावर त्यांनी दुसरा टाकला. करकर. पुन्हा टाकला. पुन्हा करकर. शटर वर करणारा किराणावाला त्यांचा जुना विद्यार्थी होता.

“मास्तर, क्लच दाबा क्लच,” तो अतिशय आदराने म्हणाला.

रिव्हर्स तेवढा छान पडत होता. म्हणून मास्तर गल्लीभर मागे मागे जात घरापाशी आले, उतरले आणि पलीकडच्या दाराने येऊन बसले. ती सरकून स्टिअरिंगवर आली. पहिला, क्षणभर थांबणं, दोन बोटं, दुसरा. आवाज नाही.

“गाडीला खोड लागली आहे,” मास्तर म्हणाले. “आता ही दुसऱ्या कुणाच्या हाताने चालायची नाही. फेरी तूच मारत जा.”

दुपारी सगळे लवंडल्यावर ती पाना आणि घमेलं घेऊन पिकअपखाली शिरली. गुपचूप ऑइल बदलून टाकावं, मास्तरांचाही मान राहील, असा तिचा सरळ विचार होता. पाना बोल्टला लावला आणि तिचा हात थांबला. पातळ ऑइल पडलं की दुसरा गिअर कुणाच्याही हाताने पडणार होता. दिराच्यासुद्धा.

ती बाहेर आली, कपडे झटकले आणि शेडमधला सीलबंद डबा उचलून लाँड्रीतल्या साबणाच्या पिंपांमागे अगदी आत सरकवून ठेवला.

“काय करतेस तिथे?” नवऱ्याने मशीनमधून डोकं काढून विचारलं.

“काही नाही. आवरते आहे.”

उन्हाळ्यात ते जाड ऑइल आपोआप सैल होईल आणि दिराला गाडी पुन्हा जमू लागेल, हे तिला कळत होतं. त्यावर काहीतरी शोधून काढावं लागणार होतं. पण थंडी अजून बरीच बाकी होती.