जाळीवरचा हात

"परतेकी अठरा ग्रॅम, सर," मंगरूने तराजूवरून सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

दिवसाला अठरा ग्रॅम खाणं म्हणजे मोकळ्या उंदरांइतकंच! आणि हे सहा पांढरे उंदीर तर रोज बारा ते दोन जाळीच्या नळ्यांत कोंडलेले, मागे वळायलाही जागा नसलेले. जीव घाबरला की मेंदू निरोप धाडतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपले स्राव रक्तात सोडतात आणि भूक मरते, हे मला पीएच.डी.साठी आकड्यांनी दाखवायचं होतं. १९८३ साल होतं. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता, आणि भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजातले हे उंदीर मात्र लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे खात होते.

मंगरू आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, पन्नाशीचा, अबोल माणूस. तो त्यांना चोरून चणे घालतो असा मला संशय आला. एका दुपारी वर्ग अर्धवट सोडून मी गुपचूप दाराशी येऊन उभा राहिलो. मंगरू स्टुलावर बसला होता. एकेका नळीवर तळहात ठेवून पुटपुटत होता, "भेऊ नोको, बाप्पा. आता सोडतेत. मी आहो ना इथं."

"मंगरू! हे काय चाललंय?"

तो दचकून उठला. "जाळी नाही उघडली जी मी. हात ठेवला फक्त."

"कशाला पण? माझ्या तीन महिन्यांची माती केलीस तू!"

"घरच्या सवयीनं झालं, सर." त्याने मान खाली घातली. "पोरगी वारली तवापासून बायको जेवून नाही राहिली. डाक्टर म्हणते, पोटात काहीच बिघाड नाही. मंग तुम्हीच पोरायले शिकवलं ना, का भूक डोक्यात मरते म्हणून? संध्याकाळी पाठीवर हात ठेवून बसलो का तुळसा दोन घास खाते. म्हणलं, ह्या मुक्या जीवायलेही तसंच असन."

मग तो हळूच म्हणाला, "दुपारची एक तास सुट्टी द्या मले, सर. सायकलनं जातो, तिले चारतो अन् येतो."

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा होता. खरं सांगायचं तर मी रागातही होतो. "दुपारी नोंदी कोण ठेवणार? महिनाभर थांब," मी म्हणालो. "आणि नळ्यांना हात लावायचा नाही."

त्याने शब्द पाळला. दोन-दोन तास हात पाठीमागे बांधून उभा राही. उंदरांचं खाणं सोळावर आलं, चौदावर आलं, मग अकरावर. खुशीत येऊन मी त्याला पेढा दिला. तो त्याने कागदात गुंडाळून घरी नेला.

विसाव्या दिवशी तुळसा गेली. अंगात काही राहिलंच नव्हतं, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. मेंदूपासून रक्तापर्यंतचा सगळा रस्ता मला तोंडपाठ होता, आणि रोज समोर उभा असलेला माणूस मला दिसला नाही. त्याची लाज मला आजही वाटते. त्याच्या रजेत दुपारच्या नोंदी मीच ठेवल्या. सहज जमलं.

तेरवी करून मंगरू कामावर आला. "नऊ ग्रॅम, सर," त्याने नेहमीच्याच आवाजात सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारीही तो नळ्यांपासून हातभर दूर, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. दोन वाजले. उंदीर त्यांच्या पिंजऱ्यांत गेले. खिडकीत त्याचा डबा तसाच होता. तीन दिवस झाले, त्याचं झाकण उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मंगरूभाऊ, जेवून घ्या," मी म्हणालो. इतकी वर्षं मी त्याला अरेतुरेच करत आलो होतो.

"भूक नाही जी."

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलो. हात उचलला, पण त्याच्या पाठीवर ठेवायचा मला हक्क वाटेना. तो मी डब्यावर ठेवला. डबा गार होता.