डाव्या पायाचं माप

धनसिंग सोनगीरचा. धुळ्याच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन तो सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यात लागला आणि चौतिसाव्या वर्षी लेहच्या वर्कशॉपात जाऊन पडला. हिवाळ्यात तिथले घाट बंद होतात. रोडरोलर आणि बुलडोझर ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, आणि माणसांना दुपारनंतर फारसं काम राहत नाही. वर्कशॉपमागचं तळं गोठलं की तिथली पोरं आणि फौजी त्यावर आइस हॉकी खेळत. बर्फाची लादी धनसिंगने आजवर पाहिली होती ती धुळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात, भुशात गुंडाळलेली.

आधी तो नुसता पाहायला जाई. मग कोणीतरी त्याच्याकडे खेळायच्या बुटाखालचं मोडलेलं पातं घेऊन आलं. धनसिंगने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून नवं पातं कापलं, घासलं, पाणी दिलं आणि जाड बुटाच्या तळाला बोल्टांनी जोडलं. त्या हिवाळ्यात त्याने असे अकरा जोड केले. अकरावा स्वतःसाठी. महिनाभर तो आपटला, कोपरं फोडून घेतली, आणि एका दुपारी न पडता तळ्याच्या या काठावरून त्या काठाला पोहोचला. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. दुसऱ्या हिवाळ्यात तो वर्कशॉपच्या संघात बचावाला उभा राहू लागला.

त्याच हिवाळ्यात कॅनडाहून रॉस नावाचे एक डॉक्टर लेहला आले होते. पंधरा दिवस ते या लोकांबरोबर खेळले. जाताना त्यांनी धनसिंगच्या बुटाखालचं पातं उलटसुलट करून पाहिलं, हसले, आणि त्याच्या गावचा पत्ता लिहून घेतला.

मे महिन्यात धनसिंग रजेवर घरी आला. आखाजीचा सण होऊन आठच दिवस झाले होते. एका दुपारी पोस्टमनने जाडजूड पाकीट आणून दिलं. आत एक रंगीत कॅटलॉग आणि इंग्रजी पत्र. ते वाचायला धनसिंग शाळेतल्या भाईदास सरांकडे गेला.

सरांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. "डॉक्टर म्हणतात, तुम्ही दहा जणांना पाय दिले, तुम्हाला एक जोड मी पाठवणार. कॅटलॉगमधून निवडा, किमतीकडे बघू नका. आणि माप चांगल्या चांभाराकडून घ्या. उभं राहून, दोन्ही पायांचं वेगवेगळं. हा बूट नेहमीच्या बुटापेक्षा एक नंबर लहान घ्यायचा असतो म्हणे. आत पातळ मोजा. बोटं पुढच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत."

"टेकली पाहिजेत?" धनसिंगने विचारलं.

"तसंच लिहिलंय. टेकलेली कळली पाहिजेत."

धनसिंगच्या डाव्या पायाला ते कळणार नव्हतं. माघात एकदा ओल्या मोज्याने तो अंधार पडेपर्यंत खेळला होता. रात्री बुखारीच्या शेगडीजवळ बूट काढला तर डाव्या पायाची तीन बोटं पांढरीफटक पडलेली. मग ती लाल झाली, काळपट झाली, कातडी सोलली गेली, आणि नवी कातडी आली. पण त्या बोटांत जीव परतला नाही. दवाखान्यात दाखवलं असतं तर खेळ बंद झाला असता, कदाचित खाली मैदानात बदलीही झाली असती. म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. घरी तो पाय धुताना पाठ फिरवून बसे.

कॅटलॉगमध्ये पुष्कळ जोड होते, पण त्याचं मन तीनच जोडांवर फिरत राहिलं. एक प्लॅस्टिकच्या कवचाचा, स्वस्तातला. एक मऊ चामड्याचा, पुढून रुंद. आणि एक शेवटच्या पानावर, एकटाच: काळा, टणक, घोट्याला दोन्हीकडून जखडून धरणारा. त्याचं पातं इतकं सरळ घासलेलं, की चित्रातसुद्धा धनसिंगला त्याच्या धारेची कड दिसत होती. तसं पातं आपल्या हातून कधी उतरणार नाही, हे त्याला पाहताक्षणी कळलं. चार दिवस तो तेच पान उघडून बसला. बायको प्रमिला भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "एवढं तं लगीनना येळे माले बी देखेल नही." आणि स्वतःच हसली.

शुक्रवारी दोघं एसटीने धुळ्याला गेली. प्रमिलाला भाचीच्या लग्नासाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. त्या घेऊन झाल्यावर धनसिंग तिला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत गिरधरच्या दुकानात घेऊन गेला. गिरधर साठीचा, पाठीत वाकलेला. आयटीआयच्या दिवसांपासून धनसिंगचे बूट तोच शिवत आला होता. प्रमिलाला त्याने बाकावर पंख्याखाली बसवलं आणि कॅटलॉग मांडीवर घेतला. शेवटच्या पानावरचा काळा बूट तो बराच वेळ पाहत राहिला. शिवण कुठे आहे, टाच कशी बसवली आहे, हे बोटाने चित्रावर फिरवून शोधत होता.

"सुंदर काम शे," तो म्हणाला. "पन भाऊ, हाऊ बूट पायनं काही ऐकाव नही. पायलेच त्यानं ऐकनं पडी."

"चालस," धनसिंग म्हणाला. "हाऊच पाहिजे."

गिरधरने फरशीवर बदामी कागद पसरला. धनसिंग त्यावर उभा राहिला. पेन्सिल पायाच्या कडेने फिरली. उजवा पाय झाला. पंजाचा घेर, चवड्याचा घेर, टाचेचा घेर, दोऱ्याने मोजून गिरधरने कागदावर आकडे लिहिले. लहानपणी अनवाणी ढेकळांतून वाढलेला पाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली. शेवटच्या पानावरचा बूट फार अरुंद आहे हे दोघांनाही दिसत होतं.

मग डावा. पेन्सिल बोटांपाशी आली आणि गिरधर थांबला. त्याने पाय हातात घेतला, खिडकीकडे वळवून पाहिला. लाकडी साचा बोटांना लावून त्याने हळूच दाबला.

"लागस का?"

"लागस," धनसिंग म्हणाला.

"आते?"

"थोडं."

गिरधरने वर पाहिलं. चाळीस वर्षं त्याने लोकांचे पाय हातात धरले होते. "डोया मीट," तो म्हणाला. "आते सांग, कोनतं बोट दाबी ऱ्हायनू मी?"

धनसिंगने डोळे मिटले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. "मधलं," तो अंदाजाने म्हणाला.

"मी बोटले हातच लायेल नही, भाऊ."

धनसिंगने डोळे उघडले तेव्हा प्रमिला बाकावरून उठून जवळ आली होती. बांगड्यांची पुडी बाकावरच राहिली होती. ती खाली बसली आणि तिने नवऱ्याचा पाय भर दुकानात, परक्या माणसासमोर, दोन्ही हातांत घेतला. त्या तीन बोटांवरून अंगठा फिरवला. कातडी गुळगुळीत होती, मे महिन्यातही गार.

"कधीनं शे हाई?"

"माघ महिनापाईन."

"माले काबर सांगं नही?"

गिरधर उठून दुकानाच्या दाराशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळाने परत येऊन त्याने माप पुरं केलं. कागदाची घडी धनसिंगच्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, की ज्या पायाला चिमटा कळत नाही त्याला घट्ट बूट घालू नये; उजवा पाय ओरडेल, हा ओरडणार नाही. शिवणावळ नव्हती म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत.

स्टँडवर सोनगीरची गाडी लागायला वेळ होता. दोघं रसवंतीच्या ताडपत्रीखाली बसली. प्रमिला रडली नाही, भांडली नाही. रसाचा ग्लास तिने तसाच ठेवला होता.

"तठे असं काय शे," तिने विचारलं, "की पाय गया तरी चालस?"

धनसिंग प्रथमच तिला ते सांगू लागला. आजवर पत्रांतून त्याने फक्त थंडी आणि पगार कळवला होता. वर्कशॉपात सगळं जड असतं, तो म्हणाला. पान्हा जड, इंजिन जड, हातमोजे जड, श्वाससुद्धा जड. बर्फावर एक पाय रेटला, की काही न करता माणूस वीस पावलं जातो. आपलं वजनच राहत नाही. आणि रिगझिन नावाचा गोलकीपर मागून ओरडतो, "धनसिंग, बायाँ!", तेव्हा त्या संघात तो मेकॅनिक नसतो, परगावचा नसतो, डावीकडचा बचाव असतो. हे सांगताना त्याचा आवाज पोरासारखा होत गेला आणि त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

प्रमिलाने ऐकून घेतलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. हा माणूस एवढं बोलू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला राग होता, आणि त्या रागातच कुठेतरी असंही वाटत होतं, की याच्याकडून हे काढून घेणारी आपण होऊ नये.

"तो बूट धाडनारा डॉक्टर शे ना?" ती म्हणाली. "मंग त्याले खरं लिखा. आन तठला डॉक्टरले पाय दाखाडा. पहिले ते."

"मंग खेळनं बंद."

"व्हवू द्या बंद. त्यानी खेळ म्हनं तं खेळा." तिने ग्लास उचलला. "बूट मांगा. पन ह्या पायना मापना मांगा. मनना मापना नही."

दुसऱ्या दिवशी भाईदास सरांनी पत्र लिहिलं. बोटांबद्दलचं वाक्य सांगताना धनसिंग दोनदा अडखळला. सरांनी मान वर न करता ते लिहून घेतलं. कोणता जोड, असं विचारल्यावर धनसिंगने कॅटलॉग उघडला. शेवटचं पान त्याने एकदा पाहिलं, मग मागे जाऊन मऊ चामड्याच्या, रुंद बुटावर बोट ठेवलं. "हा," तो म्हणाला. "आणि लिहा, डॉक्टरांना योग्य वाटेल तरच. नाहीतर काहीच नको."

रजा संपवून तो लेहला गेला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मोजा काढला. डॉक्टर संतापले. मग औषधं लिहून दिली, खेळ आणि बाहेरची कामं बंद केली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. बदली मात्र टळली. स्टोअरमध्ये नटबोल्ट ओळखणारा माणूस हवाच होता. तळं गोठलं तेव्हा धनसिंग काठावर उभा राहून शिटी वाजवू लागला, पाती घासून देऊ लागला. त्याच्या जागी एक नवखा ड्रायव्हर उभा राहत होता आणि डावीकडून गोल होत होते. ते पाहणं सोपं नव्हतं. दोनदा तो मधूनच निघून गेला.

डिसेंबरात पार्सल आलं. रॉस डॉक्टरांनी तोच मऊ जोड पाठवला होता, डावा अर्धा नंबर मोठा; त्यासाठी त्यांना दोन जोड घ्यावे लागले असणार. सोबत लोकरीचं पातळ अस्तर आणि एक ओळ: तुमच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय घालू नका. धनसिंगने ते बूट बराकीत लाकडी फळीवर घालून पाहिले. उजवा पाय कसा बसलाय ते त्याला कळलं. डाव्याचं त्याने वरून हाताने चाचपून पाहिलं.

बोटांत मुंग्या यायला लागल्या होत्या. जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी त्याला दिवसाला वीस मिनिटांची सूट दिली, घड्याळ लावून.

फेब्रुवारीत प्रमिलाला पत्र आलं. त्यात पगाराबद्दल काही नव्हतं. वीस मिनिटं खेळलो, त्याने लिहिलं होतं. एक गोल अडवला, एक सुटला. नंतर लगेच मोजा काढून डावा पाय पाहिला. लाल होता, पांढरा नव्हता. त्या तीन बोटांतलं एक दुखत होतं, चांगलं ठणकत होतं, आणि रिगझिनला वाटलं मी रडतोय.

प्रमिलाने ते दोनदा वाचलं. मग भाईदास सरांकडे न जाता स्वतःच्या अक्षरात एका पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, की इकडे सगळे बरे आहेत, हरभरा निघाला, आणि उजवा पायही रोज पाहत जा.